चिंधी बांधलेलं वांगं

आमच्या शेतात एक नियम होता आणि तो कुणी कुणाला शिकवलेला मला आठवत नाही. ज्या वांग्याच्या देठाला चिंधी बांधलेली असेल, त्याला हात लावायचा नाही. सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला आमची थोडी जमीन. त्यात मेथी, कोथिंबीर, टोमॅटो असं बरंच काही असायचं, पण वांग्याच्या सऱ्या आईच्या. तिथे वडिलांचंही चालत नसे.

हे वांगं तिच्या माहेरचं, कळवणकडचं. पांढरट हिरवं, हाताच्या पंजात मावणार नाही एवढं मोठं, आणि देठाला असे काटे की तोडणाऱ्याने शिवी द्यावी. लग्न होऊन आली तेव्हा तिने हे बी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. दरवर्षी ती चांगल्या झाडांवरची चांगली फळं निवडायची, जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्यांच्या देठाला बांधायची आणि ती झाडावरच पिवळीजर्द होऊ द्यायची. मग ती चिरून, पाण्यात चोळून, बी राखेत कालवून सावलीत वाळवायची. तेवढंच पुढच्या वर्षाला. उरलेलं बी ती ठेवत नसे, मागेल त्याला देऊन टाकायची.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला कॉलेजात होते, तेव्हा बुधवारी तास बुडवून आईजवळ बसायला गोदाकाठच्या बाजारात जायची. अभ्यासाचा कंटाळा हे खरं कारण, पण आईला वाटायचं मुलगी मायाळू आहे. मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. पहाटेच्या टेम्पोतून माल यायचा, आई गोणपाट अंथरायची, आणि तास-दीड तास ती फक्त वांगी निवडायची. किडकी एकीकडे. बारीकसं भोक दिसलं तरी फळ बाजूला. मी म्हणायची, अगं, एवढं काय, भरीतच तर करायचंय. ती म्हणायची, "लोक आपल्या तोंडावर घेत्यात, वांग्याच्या नाय."

मार्गशीर्ष लागला की आमच्या वांग्याला भाव चढायचा. चातुर्मासात पुष्कळ घरांत कांदा, लसूण, वांगं बंद. कांदेनवमीला शेवटचं खाऊन घ्यायचं आणि तो नेम थेट चंपाषष्ठीला सोडायचा, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. त्यामुळे चंपाषष्ठीच्या आधीच्या बुधवारी आईच्या गोणपाटाभोवती गर्दी व्हायची. चार-पाच महिने वांग्याशिवाय काढलेली माणसं कशी बघतात ते मी पाहिलेलं आहे. त्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांना नैवेद्याचं एक वांगं आई वर द्यायची. त्याचे पैसे घ्यायची नाही, कुणी दिले तर रागवायची.

त्या गिऱ्हाइकांत पंचवटीतल्या एक बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, हातात कायम कापडी पिशवी. माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून त्या यायच्या. भाव करायच्या नाहीत, पण प्रश्न फार विचारायच्या. मेथी कालची की आजची, कोथिंबीर कुठल्या पाण्यावरची. आई उत्तरं द्यायची, बाई मान हलवायच्या, आणि दोघी खूश. मला त्यांच्या या प्रश्नोत्तरांचा फार कंटाळा यायचा. आता ते आवाज ऐकायला मिळावेत म्हणून मी काय वाटेल ते देईन.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा माझं लग्न होऊन मी नाशिकलाच नोकरी करत होते. बुधवारी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत बाजारात एक फेरी मारायची. त्याच सुमाराला ते बीटी वांग्याचं प्रकरण सुरू झालं. कपाशी आधीच आली होती, पण कपाशी कुणी खात नाही. वांगं म्हटल्यावर घराघरात चर्चा. एक बाई म्हणाली, त्यात विंचवाचं विष घातलंय. दुसरी म्हणाली, खाल्लं की मूलबाळ होत नाही. शेजारच्या कांदेवाल्याने आणखी भर घातली, की म्हणे त्याचा पाला खाऊन कुठेतरी शेळ्या मेल्या. मी शिकलेली, म्हणून सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मला तरी कुठे धड माहीत होतं? मातीतल्या एका जिवाणूचा गुण वांग्याच्या बियात घातलाय, त्यामुळे फळ पोखरणारी अळी ते खाऊन मरते, एवढं पेपरात वाचलं होतं. अळी मरते तर आमचं काय, हा लोकांचा प्रश्न होता आणि तो काही खुळचट नव्हता.

पण त्याचा परिणाम असा झाला की बाजार उलटा झाला. लोक भोक असलेलं वांगं शोधायला लागले. कीड लागली आहे, म्हणजे हे ते वांगं नाही! वांगं हातात घेऊन फिरवून फिरवून बघायचे आणि भोक सापडलं की समाधानाने पिशवीत टाकायचे. जन्मभर किडकी वांगी बाजूला काढणारी माझी आई हे बघून थक्क झाली. तिची वांगी स्वच्छ, म्हणून तीच संशयित. खरं तर त्या अळीसाठी वडील काय काय फवारायचे, आणि फवारल्यावर हात कितीदा धुतले तरी जेवताना त्यांच्या हाताला वास यायचा, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या आधीच्या बुधवारी बाई आल्या. आईने नेहमीसारखं एक मोठं वांगं उचलून पुढे केलं. बाईंनी ते घेतलं, बोटाने चाचपलं, उन्हात धरलं. मग म्हणाल्या, "मावशी, राग मानू नका, पण हे ते तर नाही ना? एवढं स्वच्छ कसं?"

"बाई, माझ्या घरचं बी हाय ते. माहेराहून आणलेलं."

"ते खरं हो. पण हल्ली काय सांगावं? बियाणंवाले काय देतात ते तुम्हाला तरी कुठे कळतं?"

त्यांनी वांगं परत ठेवलं. हळूच ठेवलं, फेकलं नाही, पण ठेवलं. आणि पलीकडच्या गोणपाटावरून एक किडकं निवडून घेतलं. आईने ते मोठं वांगं उचलून पदराने पुसलं.  मला बाईंचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांची ओळख, आणि एका पेपरच्या बातमीने तिचा चुराडा व्हावा?

पुढच्या बुधवारी पहाटे आईने काय केलं, तर चिंधी बांधलेलं एक पिवळंजर्द फळ चिंधीसकट तोडून पिशवीत घातलं. स्वतःचा नियम स्वतः मोडला. बाजारात बाई लांबून दिसल्या. त्या आमच्याकडे न येता कोपऱ्याने निघाल्या होत्या. आई माल तसाच सोडून उठली. मीही तिच्यामागे धावले.

"बाई, ह्ये घ्या," ती म्हणाली. "खायाचं नाय, बी हाय. लावून बघा. कंपनीच्या पाकिटातलं असंल तर दुसऱ्या वर्साला आईबापावर जाणार नाय. माझं असंल तर असंच येईल."

आणि बाईंच्या कापडी पिशवीत तिने ते वांगं अक्षरशः कोंबलं. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. आई परत येऊन बसली, पाणी प्यायली, आणि मला म्हणाली, "जा आता हापिसात."

मी गेले, पण संध्याकाळी तिच्याबरोबर गावी गेले, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अंगणात शिरलो तर दोरीवर चिंध्या वाळत होत्या. लुगड्याच्या चिंध्या. धुतलेल्या, पिळलेल्या, एका ओळीत ताणून घातलेल्या.

वहिनी हसतमुखाने बाहेर आली. दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. वहिनी एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढलेली, तिचे वडील वीज केंद्रात नोकरीला. शेत तिने लांबून पाहिलेलं. पण कामाला वाघ, आणि सासूला खूश करायची मोठी हौस. पहाटे आईने पिवळं फळ तोडताना तिने पाहिलं होतं. तिला वाटलं, ही खराब झालेली, काढायची म्हणून खूण करून ठेवली आहेत, आणि आईंना बाजाराच्या घाईत एकच काढायला वेळ मिळाला. तिने दिवसभर उन्हात सगळ्या सऱ्या पालथ्या घातल्या, एकूणएक पिवळं फळ तोडलं आणि म्हशीला घातलं. चिंध्या मात्र टाकवल्या नाहीत, म्हणून धुतल्या.

कुणी तिला सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात ते कुणाला सांगायची वेळच कधी आली नव्हती.

आई दोरीजवळ गेली. एकेक चिंधी हातात घेऊन तिने मोजली. वहिनीला काहीतरी चुकल्याचं कळलं आणि तिचा चेहरा उतरला. आईने फक्त एवढंच विचारलं, "जेवली का गं तू?" आणि आत गेली. मला वाटतं, ओरडली असती तर वहिनीला बरं वाटलं असतं.

झाडं तोवर थकली होती. त्यांना पुन्हा बीला धरण्याजोगी फळं आलीच नाहीत. मी कळवणला मामाला फोन केला. मामा म्हणाला, "आता कोण लावतं ते वांगं? सगळा कांदाच हाय." ज्यांना पूर्वी बी दिलं होतं त्यांनी कधीच पाकिटं धरली होती. मी आईला म्हटलं, पंचवटीच्या बाईंना विचारू, मी घर शोधून काढते. ती उसळली. "दिलेलं मागायचं? आन् तेबी असं तोंडावर मारून दिलेलं? तिनं कवाच फेकलं असंल."

त्या पावसाळ्यात दादाने पाकिटातलं बी आणलं. जांभळी, तुकतुकीत, सगळी एका मापाची वांगी आली. माल भरपूर, कीड कमी, देठाला काटे जवळजवळ नाहीत. दादा खूश होता आणि त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बाजारात लोक तोच प्रश्न विचारायचे, आता तर जास्तच. मावशी, हे ते नाही ना? आधी आई ताठ मानेने म्हणायची, माझ्या घरचं हाय. आता ती म्हणायची, "नाय ठाऊक, बाबा. पाकिटातलं हाय." कांदेवाला तिला समजवायचा, अहो, नाही म्हणून सांगा, ते वांगं अजून बाजारात आलंच नाही म्हणतात. आई म्हणायची, मला माहीत नाही ते मी कसं सांगू? गिऱ्हाईक पुढे निघून जायचं. ती नजर खाली करून वांगी पुसत बसायची. मला ते बघवत नसे, म्हणून काही बुधवारी मी गेलेच नाही.

चंपाषष्ठीच्या आधीच्या बुधवारी मात्र गेले. गर्दी होती, आमच्यापुढे थोडी कमी. आणि गर्दीतून बाई आल्या. वर्षभर त्या आमच्या गोणपाटाकडे फिरकल्या नव्हत्या. वाळल्या होत्या. त्यांनी कापडी पिशवी आईपुढे ठेवली. पिशवीचं तोंड एका चिंधीने बांधलेलं होतं. आमच्याच.

"मावशी, तुमचं वांगं लावलं मी. मागच्या अंगणात, सिमेंटच्या गोण्यांत. अगदी तसंच आलं." त्यांनी पिशवी आईकडे सरकवली. "फळं खूप धरली हो, पण आली ती ऐन चातुर्मासात. मला खाता येईना. दुसऱ्याला द्यावीत तर तुमचं बी, तुम्हाला दाखवल्याशिवाय कसं देऊ? झाडावरच पिवळी होऊन गेली सगळी. आता कुणाच्या उपयोगाची नाहीत. पण टाकवेनात, म्हणून घेऊन आले."

आईने गाठ सोडली. पिशवी पिवळ्याजर्द वांग्यांनी भरली होती. मोठी, काटेरी देठांची, काही सुरकुतलेली. आई त्यांच्यावरून हात फिरवत राहिली आणि रडायला लागली. भर बाजारात, पदर तोंडाला न लावता. बाई घाबरल्या. माझं काही चुकलं का, असं त्या मला विचारायला लागल्या. मी त्यांना म्हैस, वहिनी, दोरीवरच्या चिंध्या सगळं सांगितलं.

मग बाईंनी स्वतःच खाली वाकून आमच्या ढिगातलं एक जांभळं वांगं उचललं. "परवा चातुर्मास सोडायचाय. हे नेते."

"ते पाकिटातलं हाय, बाई," आई म्हणाली. "मला नाय ठाऊक काय हाय ते."

बाईंनी ते चाचपलं नाही, उन्हातही धरलं नाही. "तुमच्या हातचं आहे ना? मग झालं," म्हणाल्या आणि पिशवीत टाकलं.

आईने डोळे पुसले, बाईंच्या पिशवीत हात घातला आणि ते वांगं बाहेर काढून परत ढिगात ठेवलं. "एक वरीस थांबा," ती म्हणाली.

नंतर सरकारने ते बीटी वांगं थांबवलं. पेपरात बातमी आली, लोक चर्चा विसरले, पुन्हा भोक नसलेलं वांगं निवडायला लागले. वहिनीने त्या साली स्वतःच्या लग्नातल्या एका जुन्या साडीच्या चिंध्या फाडल्या आणि आईबरोबर सऱ्यांतून फिरून एकेका देठाला बांधल्या. पुढच्या चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आई पहिल्यांदाच पंचवटीत बाईंच्या घरी गेली, पदराखाली वांगं घेऊन. मी बरोबर होते. बाईंनी दार उघडलं, वांगं दोन्ही हातांनी घेतलं, आणि तेव्हा आम्हाला कळलं की मागच्या वर्षी त्यांनी चातुर्मास सोडलाच नव्हता, तेव्हापासून वांगं तोंडाला लावलं नव्हतं.