लातूरला हार कुणाच्या गळ्यात

लातूरच्या एका खासगी क्लासात गौतम सर कंत्राटावर इतिहास शिकवतात. 'ज्यूद्वेषाचा इतिहास' या विषयावर बोलायला या, असा त्यांचा फोन आला. विषय त्यांनी क्लासच्या संचालकांकडून हट्टाने मंजूर करून घेतला होता. मी लगेच पिशवी भरली.

नांदेडहून सकाळची एसटी पकडा. लोहा, अहमदपूरमार्गे साडेतीन-चार तास. तिकीट परवडतं, पाठीची हमी नाही. अहमदपूरच्या स्टँडवर भजी खा, पण चहा घाईने घ्या. कंडक्टर थांबत नाही. शेजारच्या काकांनी कुठं निघालात विचारलं. विषय सांगितला.

"ज्यू? लई बेरकी लोक. सगळी दुनिया तेच चालवून राहिलेत."

"कधी भेटलात एखाद्याला?"

"न्हाई बा. पर म्हाईत हाय."

माझं अर्धं व्याख्यान काकांनीच उरकलं.

लातूरला सभागृह खचाखच भरलेलं. प्रतिमापूजनाशिवाय आपल्या कार्यक्रमाला तोंड फुटत नाही. संचालकांनी विषयाला साजेसा महापुरुष इंटरनेटवर शोधून काढला होता. उदबत्तीच्या धुरात, चौकटीत, तोकड्या मिशीचा जर्मन हुकूमशहा!

"हार घाला सर, फोटोवाला खोळंबलाय."

"साठ लाख ज्यू मारणाऱ्याला?"

"ते हाय. पर शिस्त बघा की त्याची!" मग संचालक गौतम सरांकडे वळले. "पाहुण्यांना समजवा. पुढल्या साली तास पाहिजेत न्हवं?"

गौतम सर शांतपणे पुढे आले. फोटो टेबलावर पालथा घातला. "बोला सर."

मी बोललो. जुन्या युरोपात ज्यूंना जमीन घेऊ द्यायची नाही, बहुतेक धंदे बंद करायचे, आणि व्याज खातात म्हणून त्यांच्यावरच थुंकायचं. साथ आली की यांनी विहिरीत विष कालवलं म्हणून वस्त्या पेटवायच्या. पोरं हसली. "हसू नका," म्हटलं, "विहीर कुणाच्या स्पर्शाने बाटते हे ठरवण्यात आपली गावं युरोपाला शिकवणी देतील." हशा थांबला. पुढच्या रांगेतले दोन पाहुणे घड्याळ बघू लागले.

शेवटी तो हार मी गौतम सरांच्या गळ्यात घातला. फोटोवाल्याला फोटो मिळाला.

नांदेडला परतल्यावर पाठ आठवडाभर दुखली, टाळ्या त्याआधीच विरल्या. मग गौतम सरांना फोन केला.

"तास राहिले का?"

"निम्मे गेले. उरलेल्यात पोरं विहिरीचंच इचारून राहिलीत."

"आणि तुम्ही पालथा घातलेला तो फोटो?"

"संचालकांच्या केबिनमधी लागलाय, सर. म्हणले, खिळा आधीपासून होताच."