हाकेचं बेट

रविवारी आटगावला उतरून धरण बघायला येणारी मंडळी पाण्यातल्या टेकडीकडं बघत विचारतात, "याला हाकेचं बेट का म्हणतात हो?" त्यांना फिरवणारा गाइड ठोकून देतो, "तिथं हाक घुमते." काय डोंबलाची घुमते! ते नाव माझ्या आईमुळं पडलं.

धरण भरलं आणि आमची चरायची टेकडी बेट झाली. आम्ही डोंगरची माणसं, आम्हाला होडीतलं काय कळणार? बाबांनी वसईकडच्या एका तांडेलाकडून, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याकडून, जुनी होडी आणली. बाबा होडीला तोंड आणि शेपूट म्हणायचे. तांडेल हसायचा, "अरे, म्हैस हाय का ती? पुढं नाळ, मागं सुकाणू, हातात वल्हं." शब्द शिकलो. वारा शिकायचा राहिला आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

बाबा बेटावरच्या शेळ्या बघायला जायचे. तिन्हीसांजेला आई काठावरून हाक मारायची. तिकडून "होऽ" आलं की मग चूल पेटायची. रानात गेलेल्या माणसाची ओ आल्याशिवाय आमच्यात चूल पेटवत नाहीत.

त्या श्रावणात एकदा ओ आली नाही. वारा सुटला होता. आई, मी, सगळा पाडा ओरडत होता. आमची एकुलती होडी तिकडं, पलीकडच्या गावची सकाळशिवाय मिळेना. घसे बसले. शेवटी जाणती माणसं म्हणाली, "आता काय उपेग नाय गो, घरी चल." आईला आम्ही ओढत घरी आणलं.

सकाळी बाबा सापडले. पायाला साप चावलेला. दगडाला टेकून बसलेले, तोंड आमच्या काठाकडं.

तांडेल भेटायला आला. वारा कुठून होता, एवढंच त्यानं विचारलं. मी दाखवलं, तर तो कपाळाला हात लावून खालीच बसला.

"अरे देवा! वारा तुमच्याकडून तिकडं. तुमची हाक त्याला पोचत होती. त्याची ओ तुमाला कशी येनार?"

म्हणजे बाबांनी आमची प्रत्येक हाक ऐकली. आम्ही गप्प झालो, तेही ऐकलं.

तेव्हापासून आई रोज काठावर जाते. ऐकून ऐकून लोकांनीच बेटाला नाव दिलं. परवा तिला ताप होता, तरी निघाली. मी ओरडले, "आये, बस कर गो! कोण ओ देनार हाय तिथून?"

माझा हात झटकून ती म्हणाली, "ओ नसंल येत. त्याला ऐकू जातं ना? मंग मी पुन्ना गप कशी बसू?"