एकविसाव्या दिवसाचं पान

मुखेडचा पिकअप गेटवर उभा होता आणि माझ्या हॅचरमध्ये एकही पिल्लू नव्हतं.

मी लातूरजवळच्या एका हॅचरीत काम करतो. नववीतून शाळा सोडून इस्लापूरहून आलो, तेव्हा दोन वर्षं नुसते ट्रे धुतले. मग मालक नसीरभाईंनी पहिल्यांदाच एक पूर्ण बॅच माझ्या हाती दिली. सोबत एक प्लॅनर. रोजचं एक पान, वर ‘आजची कामं’ अशी चौकट. म्हणाले, “मोबाईलमधलं तू विसरशील. हाताने लिही.”

मी तर हरखलोच! कामच नाही, सगळं आयुष्य लिहायला लागलो. सकाळी कधी उठायचं, आईला कधी फोन करायचा, चार महिन्यांत टेम्पोचं लायसन्स. रात्री पान बघितल्याशिवाय झोप येईना.

काम सांगायला सोपं आहे. अंडी आधी सेटरमध्ये ठेवतात. हे मोठं उबदार कपाट. त्यातले ट्रे दर तासाला कलतात. अठरा दिवसांनी अंडी हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं फुटायच्या दुसऱ्या कपाटात हलवायची. एकवीस दिवस भरले की पिल्लं. सोमवारी सकाळी सहाला मी हजार अंडी ठेवली आणि प्लॅनरच्या पानांवर लाल पेननं आकडे टाकले. एकविसावं पान रविवारचं आलं. मुखेडच्या बचत गटाच्या सुमनताईंना मीच फोन केला, “रविवारी सकाळी या. आठशे पिल्लं तयार.”

त्या आल्या. बरोबर दहाला.

“कुठं हायत रं पिल्लं?”

“ताई, थोडं थांबा. येऊन राहिलेत.”

“येऊन राहिलेत म्हंजे? एसटीनं येणार हायत का?”

गुरुवारी नसीरभाई लग्नाला गेले होते, अंडी मी एकट्यानंच हलवली होती. मेली तर नसतील? परत ट्रे धुवायला जावं लागणार, एवढंच डोक्यात. मी हॅचरच्या दाराला हात घातला.

“बालाजी! हात काढ!” मागून नसीरभाई ओरडले. “दार उघडलं की आतली ओल जाते. पिल्लू आतल्या आत कवचाला चिकटून मरतं. प्लॅनर आण.”

ते पानांवर बोट ठेवून मोजत गेले. पहिल्या पानावर थांबले.

“सोमवारी अंडी ठेवली. मग सोमवारी एक कसा?”

“ठेवली तो दिवस धरूनच मोजायचं ना? आमच्याकडं बाळाची पाचवी तशीच मोजतात.”

“बरोबरच हाय की,” सुमनताई मध्येच म्हणाल्या. “आमच्यातबी जन्मलेला दिस धरत्यात.”

नसीरभाईंनी कपाळाला हात लावला. “अहो ताई, पाचवी बाहेर आलेल्याची! हे अजून आतच आहे. ठेवल्यापासून चोवीस तास झाले की पहिला दिवस भरला. एकवीस उद्या सकाळी भरतात.”

“आन् मी एक दिवस आधी हलवली, ती?”

“त्याने काही होत नाही. तू दार उघडलं असतंस तर झालं असतं.”

सुमनताईंचा राग काही उतरेना. “आमच्या बायांनी शेडात भुसा पसरला, बल्ब लावले. मोकळी गाडी घेऊन गेले तर गाव हसंल. दुसरीकडून घेते मी!”

दाराला एक लहानशी काच आहे. मी तिला डोळा लावला. आधी काहीच दिसेना. मग पुढच्या ट्रेमधलं एक अंडं हललं. कवचावर मोहरीएवढी टोच होती, म्हणजे पिल्लानं आतून पाडलेलं पहिलं छिद्र.

“ताई, या! लवकर या!”

त्यांनी काचेला नाक टेकवलं. आतून बारीक चिवचिव आली. दुसरी टोच. तिसरी.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या, “बोलायला लागलं की.”

त्या दिवशी त्या लातुरातच बहिणीकडं राहिल्या. सोमवारी सकाळी मी काचेपुढून हललोच नाही. आत सगळा ट्रे पिवळा होऊन सळसळत होता! पिसं वाळेपर्यंत थांबून संध्याकाळी आम्ही मोजून खोक्यांत भरली. सातशे एक्क्याण्णव. आठशेला नऊ कमी.

“दिस एक जास्त मोजलास, पिल्लं नऊ कमी,” सुमनताई गाडीत बसताना म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात हजार लागतील. पण फोन ह्यानं नको, तुम्ही करा, भाई.”

“फोन हाच करेल,” नसीरभाई म्हणाले. मी मान खाली घालून दोरी बांधत राहिलो.

आता अंडी ठेवली त्या पानावर मी शून्य लिहितो, बाजूला वेळही. आणि गिऱ्हाइकाला फोन पान बघून करत नाही. टोच बघून करतो.