भाच्याच्या नावाने दिलेली खोली

दुर्गाबाई मूळच्या हिंगोलीकडच्या. लग्न होऊन शिरवण्यात मालतीबाईंच्या चाळीत आल्या आणि तिथल्याच झाल्या. नवरा रावसाहेब रबाळ्याच्या कारखान्यात होता. तो वारल्यावर त्याच कारखान्यात त्यांना पॅकिंगचं काम मिळालं. मालतीबाई घरमालकीण, वयाने मोठ्या आणि माया लावणाऱ्या. करार करताना एकच गोष्ट बजावायच्या, "खोली दुसऱ्या कोनाला द्यायची नाय."

मागच्या वर्षी मुलीचं बाळंतपण अवघड गेलं. दुर्गाबाई बिनपगारी रजा टाकून गावाकडे धावल्या. परत कधी येणं होईल, काही सांगता येत नव्हतं. तोवर भाडं भरणं झेपणारं नव्हतं, आणि खोली सोडवत नव्हती. रावसाहेबांनी त्याच खोलीत प्राण सोडला होता. कारखान्यातल्या मिथुनचं नवं लग्न झालेलं, त्याला जागा हवी होती. दुर्गाबाईंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"कोणी विचारलं तर माझा भाचा आहे म्हण."

मालतीबाईंना विचारायचा धीर झाला नाही. नाही म्हणाल्या तर?

मिथुन भाचा म्हणून थोडे दिवस राहिला, भाडंही तोच देत होता. मग पनवेलला बरी जागा मिळाली, तेव्हा जाताना त्याने खोली ओळखीतल्या पोरांना दिली. दुर्गाबाईंना याचा पत्ताच नव्हता.

एका सकाळी पोलीस आले. खोलीत चोरीचे मोबाईल सापडले. राहणाऱ्यांची पोलिसांकडे नोंद नव्हती, म्हणून मालतीबाईंना बोलावणं आलं. सत्तरी ओलांडलेली बाई दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होती. "साहेब, मी या पोरांना वलखत नाय," एवढंच सांगत राहिली.

कळल्याबरोबर दुर्गाबाई निघून आल्या. खोलीला नवं कुलूप होतं, सामान बाहेर काढलेलं. भांडी होती, गादी होती. लग्नातला फोटो मात्र कुठेच नव्हता. पोरांनी भिंत मोकळी करताना फेकून दिला होता. रावसाहेबांचा तेवढाच एक फोटो होता.

मालतीबाई दारात आल्या. दुर्गाबाई त्यांच्या पायाशी वाकल्या.

"मावशी, चुकलं माझं."

"मना एक फोन केला आसता, त मी नाय बोलली आसती का गो? पोरीच्या बालंतपनाला मी आडवी आली आसती?" मालतीबाई म्हणाल्या. "माजे दारान पोलीस आनलंस तू."

त्या आत गेल्या. दार लागलं.

दुर्गाबाईंना जासईत एक खोली मिळाली. तिथून रबाळ्याला जायला सकाळ अर्धी जाते. रात्रभर कंटेनरच्या गाड्या वाजतात.

पुढे मालतीबाई वारल्याचं कारखान्यात कानावर आलं, तशा दुर्गाबाई सुट्टी टाकून शिरवण्याला गेल्या. ओटीवर चाळीतल्या बायका रडत बसल्या होत्या. त्यांच्यात जाऊन बसायला दुर्गाबाईंचा पाय उचलेना. त्या गल्लीच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या. तिरडी समोरून गेली तेव्हा त्यांनी हात जोडले. कोणी त्यांना हाक मारली नाही.