डॉक्टर सांगतील

वैशालीचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. "काकू, आई सकाळी गेली," एवढंच म्हणाली. रडली नाही. शेवटी प्रमिलाचीच लेक. मी विचारलं, "हार्ट का गं?" तर म्हणाली, "नाही हो, न्यूमोनिया." म्हणजे बघा, बाईनं सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात बसून पंचवीस वर्षं लोकांचे कार्डिओग्राम काढले आणि स्वतः गेली ती फुप्फुसानं! याला दीड महिना झाला. ती गवार त्या दिवशी तशीच राहिली.

तिच्याविषयी लिहायला बसले आणि पहिलं वाक्य सुचलं, 'प्रमिला फार मोठ्या हृदयाची होती.' लगेच खोडलं. तिनंच एकदा मला सुनावलं होतं, "ताई, कोणी मेलं का तुम्ही लोक पेपरात लिहिता, मोठ्या हृदयाचा माणूस. आमच्या इथं हृदय मोठं झालं का गोळ्या चालू करतात." भंडाऱ्याकडची होती. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आली. बोलणं मोजकं, चेहरा त्याहून मोजका. सोसायटीत तिचं नाव पडलं होतं, 'दगडाच्या काळजाची बाई'. खोटं कशाला सांगू, ते पाडण्यात माझाही हात होता.

झालं असं, की आमच्या मुलाला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तेव्हा कोथरूडात दर तिसऱ्या घरात हेच चाललेलं, पण आपला तो बाब्या. मी पेढे घेऊन मिरवत प्रमिलाकडे गेले. तिनं खोका हातात घेतला, मुलाची चौकशी केली, वैशालीला एक पेढा दिला आणि म्हणाली, "मी पेढा नाही खात." "अगं, शकुनाचा आहे, तुकडा तरी मोड." "नाही ताई." झालं! माझ्या मनात जे आलं ते लिहायला आज लाज वाटते. मला वाटलं, हिच्या पोटात दुखलं.

तरी आमचं जमायचं. दोघींनाही उगाच गोड बोलणं जमायचं नाही, म्हणून असेल. मी शाळेत शिकवायची, तिथून सुटले की कधी कधी तिच्या दवाखान्यात जाऊन बसायची आणि मग आम्ही एकाच बसनं घरी यायचो. तिचं काम मी तिथंच पाहिलं. त्या जुन्या मशीनच्या, छातीला चिकटवायच्या धातूच्या वाट्या असत, मागं रबरी फुगा. थंडीत त्या अंगाला लागल्या की माणूस दचकायचा. प्रमिला गरम पाण्याच्या पिशवीवर नॅपकिन टाकून त्यात त्या वाट्या गुंडाळून ठेवायची आणि लावण्याआधी एकेक वाटी तळहातात धरून बघायची. मी म्हटलं, "किती गं करतेस लोकांसाठी." तर म्हणे, "लोकांसाठी काहून? गार लागलं का माणूस थरथरते, रेघ बिघडते, कागद वाया जाते." मी ते खरं मानलं. आणि पेशंट कितीही काकुळतीला येऊन विचारो, "बाई, ठीक आहे ना हो?" तिचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतील." तोच स्वर, तोच चेहरा. कार्डिओग्रामची पट्टी चांगली असो की वाईट.

मग आमची पाळी आली. मुलगा तोवर अमेरिकेत गेला होता. त्याच्याकडे जायला आमचा व्हिसा झाला, तिकिटं आली, मेतकूट-भाजणीसकट बॅगा भरल्या. निघण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून ह्यांना तिच्याच दवाखान्यात नेलं. घरचंच माणूस, म्हणून मी पडद्याच्या आत उभी. मशीन किरकिरत होतं, पट्टी बाहेर येत होती. प्रमिलानं पट्टी फाडली, बघितली. मी हसत विचारलं, "नॉर्मल आहे ना गं?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, बाहेर बसा. डॉक्टर सांगतील."

मॅडम! दहा वर्षं ताई म्हणणारी बाई मला मॅडम म्हणाली.

ती स्वतःच पट्टी घेऊन आत गेली. पाच मिनिटांत डॉक्टरांनी आम्हाला रांग मोडून बोलावलं. अमेरिका रद्द, आठवड्यात बायपास. ऑपरेशन नीट झालं, हे आजही रोज सकाळी माझ्या चहाला नावं ठेवतात. पण मी प्रमिलावर जी रुसले ती रुसलेच. तिनं आधी बघितलं होतं. एक शब्द, निदान खांद्यावर हात...? हॉस्पिटलात ती रोज संध्याकाळी यायची. पांघरुणाखाली हात घालून ह्यांचे पाय गार आहेत का ते बघायची, ह्यांच्याशी दोन शब्द बोलायची आणि जायची. मी खिडकीबाहेर बघत बसायची. "अगं, बोल तिच्याशी," हे म्हणायचे. मी म्हणायची, "दगडाशी काय बोलायचं?" तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

सहा-सात महिन्यांनी राग ओसरला, बसचे फेरे पुन्हा सुरू झाले. पण त्या दिवशी ती तशी का वागली, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

मला कळलं ते तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात. वंदना झाली, जेवणं झाली. कुणीतरी पेढे आणले होते, ते वैशालीनं बाजूला सारले. मी म्हटलं, "आईसारखीच का तूही?" तेव्हा ती बोलली. प्रमिला नोकरीला नवीन होती तेव्हाची गोष्ट. बिबवेवाडीची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. डॉक्टरांना यायला उशीर होता. बाई फार घाबरलेली. प्रमिलानं पट्टी बघितली आणि तिला धीर द्यावा म्हणून म्हणाली, "सगळं ठीक आहे काकू." ती दोघं डॉक्टरांसाठी थांबलीच नाहीत, घरी गेली. दुसऱ्या दिवशी बाई नवसाचे पेढे घेऊन आली. चौथ्या दिवशी तिचा नवरा गेला. नंतर ती एकदाच आली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून गेलो हो आम्ही." पेढ्यांचा खोका अजून ड्रॉवरमध्ये होता.

"तुमच्या वेळी आई घरी येऊन खूप रडली होती, काकू," वैशाली म्हणाली. "म्हणाली, ताईंकडे पाहिलं असतं तर तोंडातून निघून गेलं असतं."

दगड मी होते, प्रमिला. आधी विचारायचं तरी होतं मी.

मागच्या आठवड्यात मुलाच्या आग्रहानं माझी तपासणी झाली. मोठं, काचेचं हॉस्पिटल. चिकटपट्ट्या लावल्या, त्या गारच. मी थरथरले. "आजी, रिलॅक्स," ती मुलगी म्हणाली. पोर गोड होती. पट्टी बघून हसली, "एकदम नॉर्मल दिसतंय! डॉक्टरांना वेळ लागेल, तुम्ही गेलात तरी चालेल. रिपोर्ट मेल करू."

हे उठलेच होते. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"अहो, बसा," मी म्हटलं. "डॉक्टर सांगतील."

आम्ही पाऊण तास बसून राहिलो.