शालनताईंनी नाव घेतलं नाही

शालनताई नव्या मुलीला आधी नाव विचारत नसत. तिला मैदानाच्या कडेला उभं करून म्हणत, “आधी दम दाखय. नाव मगे सांग.” मग ती मुलगी एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत धावत सुटायची आणि ताई डोळे मिटून ऐकायच्या. मी सातवीत असताना अशीच धावले होते. अर्ध्यावरच श्वास तुटला आणि मला रडू फुटलं. “रडतस कित्याक गो? उद्या परत ये,” एवढंच त्या म्हणाल्या.

ताई मूळच्या देवगडच्या. वडील गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा घरातले सगळे लालबागहून मुलुंडला आले. ताई दिवसभर औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करायच्या आणि संध्याकाळी आमच्या मंडळाच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवायच्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, “एवढ्या मुली सांभाळतेय, त्यात नवरा कुठं बसवू?” पुढे माझी सईही त्यांच्याकडे खेळायला लागली. तोवर त्यांचे केस पिकले होते, गुडघे बोलायला लागले होते. पण शिट्टी मात्र तशीच खणखणीत.

सई अकरावीत असताना आमच्या भागात व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, पेव फुटलं. बंदी असूनही कॉलेजबाहेर चोरून मिळायचं. दिसायला हायलायटरसारखं, वास आंब्याचा नाहीतर स्ट्रॉबेरीचा. दप्तरात सापडलं तरी आईबापाला कळायचं नाही. बंदी नीट कशी राबवायची, शाळा-कॉलेजांनी काय नियम करायचे, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनी एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती. हॉल गच्च भरला. कुणी म्हणालं कॅमेरे लावा, कुणी म्हणालं रोज दप्तरं तपासा. एक गृहस्थ तर तावातावानं म्हणाले, “जो सापडेल त्याचं पटावरून नाव काढून घरी पाठवा. बाकीची पोरं तरी वाचतील!” टाळ्या पडल्या.

ताई मागून उठल्या. माइक नको म्हणाल्या.

“विकणाऱ्याला पकडा, त्याला अजिबात सोडू नका. पण पोराला काढून टाकलंत तर ते जाईल कुठं? त्या विकणाऱ्याकडेच ना? माझ्या संघातल्या मुलीसुद्धा ओढतात. मी कुणाला काढलं नाही, काढणारही नाही. तुमच्या नियमात एवढं घाला, की पोरानं आपणहून सांगितलं तर त्याला शिक्षा नाही.”

एकच गलका झाला. “कोण मुली? नावं सांगा!”

“नावं नाही सांगणार.”

“आमच्या मुलींची बदनामी करता?” एक आई ओरडली.

“मग मला शिव्या घाल. त्यांना नको,” म्हणून ताई खाली बसल्या. समोरच्या अधिकाऱ्यांनी त्यांची सूचना लिहून घेतली.

त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. सई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मैत्रिणींबरोबर तीही हॉलमध्ये मागे बसली होती.

“आई, ताईंनी नाव घेतलं नाही ना, त्यातली एक मी.”

मी गॅस बंद केला. रागावू की जवळ घेऊ, कळेना. शेवटी दोघी तिथंच फरशीवर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी मी तडक मैदानावर गेले. तिथं जेमतेम चार मुली होत्या. बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष ताईंची समजूत घालत होते, “चुकून बोलले म्हणा, विषय संपेल.”

“चुकून बोलायला मी काय पेंगत होते?” ताई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलंत? मीही तुमच्याच हाताखाली खेळलेय ना?”

“तुला सांगितलं असतं तर तू तिला बडवली असतीस, आणि ती गप्प झाली असती. आता ती बोलतेय ना तुझ्याशी?”

त्या वर्षी मंडळाचा संघ स्पर्धेत उतरलाच नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. स्पर्धेच्या दिवशी ताई त्या चार मुलींना घेऊन मोकळ्या मैदानात सराव घेत बसल्या. सईच्या कॉलेजनं पुढे नवे नियम लावले, त्यात ताईंचं वाक्य होतं. मी फोटो काढून दाखवला. “बरा झाला,” म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली. मुली हळूहळू परतल्या, सगळ्या नाही.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर ताई देवगडला भावाकडे गेल्या. यंदाच्या शिमग्यानंतर तिथंच वारल्या.

त्याआधी थोडे दिवस, एका दुपारी सई माझ्याजवळ येऊन बसली. “आई, परीक्षेच्या टेन्शनमध्ये परत ओढलं गं मी.”

मी तिच्याकडे वळले. “ताईंना सांगितलंस?”

“काल फोन केला होता. त्या म्हणाल्या, माका कित्याक सांगतस? आवशीक सांग. ती आयकतली. तू ऐकून घेशील म्हणाल्या.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “सांग.”