सहा जीवांचा भाट

थोरली दात करायची, म्हणजे कवळ्या. दातांच्या लॅबमध्ये, मागच्या खोलीत, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. समोरच्या दोन दातांत केसाएवढी फट राहिली तरी तिला झोप लागत नसे. लोक आरशात बघून डॉक्टरांना म्हणत, काय सुरेख दात बसवलेत हो. थोरलीला कोणी काही म्हणत नसे, कारण मागच्या खोलीत कोण बसतं हे कोणाला ठाऊकच नव्हतं. याचं आपल्याला काही वाटत नाही असं ती सांगायची. ते खोटं होतं.

घरी धाकटी जाऊ होती. ती एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची आणि दिवसभर चिडलेल्या माणसांना शांत करायची. तोंडात साखर, चेहऱ्यावर हसू. सासूबाईंची औषधं थोरली आठवणीनं आणायची, डब्यात वारांप्रमाणे लावायची, आणि सासूबाई मात्र शेजारणीला सांगायच्या की धाकटीच्या हातून गोळी घेतली की कडू लागत नाही. जावा जावा, उभा दावा म्हणतात. इथे दावा एकाच बाजूनं उभा होता. दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ताच नव्हता, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो त्यामुळेच.

थोरलीची स्वतःची अशी एकच जागा होती. रविवारी दुपारी तीन वाजता, पुस्तकं बांधणाऱ्या एका माणसाच्या कारखान्यात, पुठ्ठे कापायच्या लांब टेबलाभोवती चौघं जमायची आणि एक खेळ खेळायची. प्रत्येकाचं एक पात्र असे. त्या पात्राची ताकद, अक्कल, कसबं सगळी आकड्यांत कागदावर लिहिलेली. बाइंडर गोष्ट सांगे, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत, आणि एखादी गोष्ट जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवे. लिफ्ट दुरुस्त करणारा तिरंदाज होता. निवृत्त हेडक्लार्क वैद्य होते. आणि थोरली होती ढालवाली. अंगावर चिलखत, पदरी बेचाळीस जीव, म्हणजे बेचाळीस आकड्यांइतका मार खाऊन उभी राहणारी. दर लढाईत आपण कोणापुढे उभं राहायचं हे ढालवालीनं आधी सांगायचं असे. तीन वर्षं ती एकच उत्तर देत आली होती: "मी सगळ्यांच्या पुढे."

तिथे ती मोठ्यानं हसायची, टेबलावर थाप मारायची. तिथे तिला विचारल्याशिवाय पान हलत नसे.

आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता धाकटी म्हणाली की ताई, मलाही तुमच्या त्या खेळात घ्या ना. सासूबाई लगेच म्हणाल्या, ने की तिला, तेवढाच तिलाही विरंगुळा. थोरलीच्या डोळ्यांपुढे मागच्या वर्षीचा एक रविवार उभा राहिला. ती घराची किल्ली विसरली होती आणि धाकटी ती द्यायला कारखान्याच्या दारापर्यंत आली होती. किल्ली दिल्यावरही बराच वेळ तिथेच घोटाळली होती. तेव्हाच हिच्या डोळ्यांत भरलं असणार, थोरलीला वाटलं. घर घेतलंस, सासू घेतलीस, आता माझा रविवारही घे. पण नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

टेबलाचे दोन नियम होते. नवीन माणसाला जो आणेल त्यानंच त्याचं पहिलं पात्र पेन्सिलीनं बांधून द्यायचं. चार रविवार पार पडले की ते शाईनं गिरवायचं, मग ते पक्कं. आणि पेन्सिलीतलं पात्र मेलं तर त्या माणसानं ही गोष्ट संपेपर्यंत घरी बसायचं. गोष्ट तर आत्ता कुठे मध्यावर आली होती.

थोरलीनं पेन्सिलीला टोक काढलं.

तिनं धाकटीला भाट करायचं ठरवलं. भाट म्हणजे गाणी-गोष्टी सांगत गावोगाव फिरणारा कलावंत. चांगला बांधला तर तलवारही चालवतो, मंत्रही मारतो. थोरलीनं तसं काही होऊ दिलं नाही. वाटायला सहा आकडे होते. सगळ्यात मोठा, सोळा, तिनं लोकांवर पडणाऱ्या छापेला दिला. चौदा समजुतीला, बारा बुद्धीला. उरलेसुरले चपळाई आणि ताकदीला, आणि सगळ्यात लहान, सात, तब्येतीला. त्यामुळे भाटाच्या वाट्याला जीव आले सहा. एका बऱ्याशा फटक्याचं काम. चिलखत नाही, हातात सफरचंद कापायची सुरी. मंत्र दोन: दिवा लावायचा आणि दूरवर कुजबुज पोचवायचा. कसबं मात्र सढळ हातानं दिली. मन वळवणं, थाप मारणं, वेषांतर, जुन्या गोष्टींची माहिती, कान देऊन ऐकणं आणि मनातलं ओळखणं. त्यातल्या दोन कसबांना दुप्पट आकडा देता येतो. तो तिनं मन वळवण्याला आणि मनातलं ओळखण्याला देऊन टाकला, कारण या टेबलावर तीन वर्षांत ती दोन्ही कोणी वापरलीच नव्हती. सगळा मामला लढाईचा. आता तो लढाईचा का होता, तर कोणी काही बोलायच्या आतच ढालवाली तलवार उपसायची म्हणून. हे थोरलीच्या ध्यानात आलं नाही. दातांतली केसाएवढी फट दिसणाऱ्या बाईला ही एवढी मोठी फट दिसली नाही.

पहिल्या रविवारी लिफ्टवाल्यानं कागद हातात घेतला आणि म्हणाला, काय बांधलाय भाट. जीव तेवढे हात आखडून दिलेत, पण जीभ बघा. हे कौतुक झालं की आपली चोरी पकडली गेली, ते थोरलीला कळेना. ती चहा ओतायला उठली.

गोष्टीत पूल आला. पुलावर पहारेकरी. थोरलीनं सवयीनं तलवार उपसली, तेवढ्यात धाकटी म्हणाली की जरा थांबा. मग तिनं भाटाच्या तोंडून पहारेकऱ्याला विचारलं की तुम्ही कधीपासून उभे आहात, बदली माणूस आला नाही का, पाय दुखत असतील. दवाखान्याच्या खिडकीत ती हेच करायची: दमलेल्या माणसाला आधी त्याच्या पायांचं विचारायचं. फासा पडला अकरा, त्यात कसबाचे नऊ मिळवले आणि पहारेकरी वाटेवरून बाजूला झाला. वर पुढच्या घाटात दरोडेखोर आहेत हेही सांगून गेला. हेडक्लार्क चष्मा पुसत म्हणाले की तीन वर्षांत या गोष्टीतला माणूस आपल्याशी पहिल्यांदाच बोलला. बाइंडर तर असा खुलला, जणू इतके दिवस त्याची पहारेकऱ्यांची भाषणं घशातच अडकली होती.

दुसऱ्या रविवारी भाटानं नकाशा विकणाऱ्याची थाप ओळखली, वेष बदलून किल्ल्याचं स्वयंपाकघर गाठलं आणि आचाऱ्याकडून चोरवाट काढून घेतली. ढालवाली दोन तास बाहेर झाडाखाली बसून होती. बाइंडरनं तिला एकदा विचारलं की तुम्ही काय करताय, आणि ती म्हणाली, बसलेय. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं मनात म्हणत ती घरी आली तर सासूबाई धाकटीला विचारत होत्या की आज काय काय झालं गं. तीन वर्षांत थोरलीला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या रात्री ती न जेवता उठली.

तिसऱ्या रविवारी चोरवाटेत दगडी रखवालदार चालत आले. त्यांना ना कान, ना मन. यांचं काय मन वळवणार, थोरलीला वाटलं, आणि वाटल्याबरोबर तिला बरंही वाटलं. बाइंडरनं नेहमीप्रमाणे विचारलं की ढालवाली कोणापुढे. उत्तर काय येणार ते ठाऊक असल्यानं तो लिहूही लागला होता.

"मी डाव्या भिंतीशी," थोरली म्हणाली.

बाइंडरची पेन्सिल थांबली. डाव्या भिंतीशी कोणीच नव्हतं. पहिल्या दगडी हाताचा फटका भाटाला बसला, सहाचे सहा जीव गेले, आणि फेरी संपायच्या आत कोणी पोचलं नाही तर भाट मेला असं ठरलं. थोरलीची पाळी येऊन गेली. ती पोचू शकत होती, पण तिनं समोरच्या दगडावर वार केला. शेवटी हेडक्लार्कांचा म्हातारा वैद्य स्वतः मार खात सरपटत गेला आणि भाटाला एक जीव परत मिळाला.

लढाई संपली. शेकोटी पेटली, गोष्टीतली. धाकटीनं आपला कागद पुन्हा एकदा वाचला आणि फासा उचलला. ती बाइंडरला म्हणाली की भाटाला ढालवालीच्या मनातलं ओळखायचंय. एका खेळाडूनं दुसऱ्यावर हे कसब वापरायची त्या टेबलावर सूट होती. दोघांनी फासा टाकायचा आणि जो हरेल त्यानं आपल्या पात्राच्या तोंडून खरं बोलायचं. इतके दिवस ते कसब कोणाकडे नव्हतं. थोरलीनंच ते दुप्पट करून दिलं होतं. थोरलीला आठ पडले. धाकटीला पडले सतरा आणि वर कसबाचे.

"ढालवाली," धाकटी हळू म्हणाली, "ढाल माझ्यापुढे का नव्हती?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. पण टेबलावर खोटं बोलायचं नाही हे तिचंच ब्रीद होतं. इतरांना ती त्यावरून झापायची.

"कारण ही एकच जागा माझी होती," ती म्हणाली. "बाकी सगळीकडे तू आहेस. म्हणून तुला बांधतानाच मरायला बांधलं. तू पहिल्या रविवारीच मरायला हवी होतीस."

हे ढालवाली बोलली की थोरली, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. लिफ्टवाला फासे गोळा करत राहिला. धाकटी एवढंच म्हणाली, "कळलं," आणि घरी जाताना दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालल्या.

चौथ्या रविवारी, शाईच्या रविवारी, धाकटी म्हणाली की तुम्ही जा ताई, मला कपड्यांना इस्त्री करायची आहे. थोरली गेली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. गोष्टीत किल्ल्याचा दरवाजा आला, द्वारपाल आला, आणि बाइंडरनं विचारलं की त्याच्याशी कोण बोलतंय. तिघांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, दार उघड नाहीतर फोडते. लिफ्टवाल्यानं जांभई दिली, त्याला ती आवरली नाही. थोरलीनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. आपण फोडलेली सगळी दारं तिला एकदम आठवली. मग ती उठली, बाइंडरकडून भाटाचा कागद आणि शाईचं पेन मागून घेतलं आणि घरी आली.

धाकटी खरंच इस्त्री करत होती. थोरलीनं कागद टेबलावर ठेवला आणि काही बोलणार, तर तीच आधी बोलली.

"ताई, मी किल्ली द्यायला आले होते ना, तेव्हा तुम्ही आत हसत होता. पोट धरून. मला आधी कळलंच नाही की हा तुमचा आवाज आहे. घरात आठ वर्षं झाली मला, तुम्ही माझ्यासमोर अशा एकदाही हसला नाहीत." तिनं इस्त्री उभी ठेवली. "त्या तिघांचा मला इतका हेवा वाटला की मी घरी येऊन रडले. म्हणून आले खेळायला."

थोरली खुर्चीवर बसली. हेवा म्हणजे काय हे या घरात फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. मग तिनं हातांना येणारं काम केलं. पेनाचं टोपण काढलं, भाटाचे आकडे एकेक करून गिरवायला घेतले, आणि जीवाच्या रकान्याशी येऊन थांबली. शाई लागण्याआधी बदल करायची मुभा होती. तिनं खोडरबर उचललं.

"तब्येत वाढवते. बारा जीव करू?"

धाकटीनं कागद आपल्याकडे ओढून बघितला आणि खोडरबर तिच्या हातातून काढून घेतलं.

"सहाच राहू द्या," ती म्हणाली. "बारा केलेत तर तुम्ही पुन्हा डाव्या भिंतीशी जाल."